केवळ विज्ञानकथा-अद्भुतकथा लिहून लेखकाची कारकीर्द उभी राहू शकते का?

ऐरोलीकर

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करतो आणि गेली काही वर्षे विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि अधूनमधून गूढकथा लिहितो. दिवाळी अंकांत माझ्या कथा नियमितपणे येऊ लागल्या आहेत, एका कथास्पर्धेत पारितोषिक मिळाले आहे आणि काही संपादक आता एप्रिल-मे महिन्यातच फोन करून कथा मागतात. त्यामुळे आजवर टाळलेला प्रश्न समोर आला आहे. या लेखनाला फावल्या वेळातला छंद न मानता आयुष्यभराचे काम मानायचे ठरवले, तर त्या कामाचे स्वरूप काय असते, आणि त्यासाठी नोकरी सोडण्याचा किंवा निदान कमी वेळेची नोकरी पत्करण्याचा विचार करावा का?

मला कादंबरी लिहिण्याची ओढ नाही. एखादी कल्पना घ्यावी, ती खरी ठरली तर एका घरात किंवा एका कचेरीत काय काय बदलेल ते तपासून पाहावे आणि वीस-पंचवीस पानांत थांबावे, यातच मला समाधान मिळते. परंतु प्रकाशकांकडे गेलो की ‘कथासंग्रह खपत नाहीत, कादंबरी असेल तर पाहू’ असे उत्तर येते. काही मित्र म्हणतात की परदेशी नियतकालिके शब्दागणिक पैसे देतात, तेव्हा इंग्रजीतच लिहावे. त्यातच एका ऑडिओबुक कंपनीने माझ्या सहा कथा एकरकमी मोबदला देऊन ‘सर्व हक्कांसह’ घेण्याची तयारी दाखवली आहे आणि त्यांना महिनाअखेरपर्यंत उत्तर हवे आहे. रक्कम माझ्या दृष्टीने लहान नाही. डोक्यावर गृहकर्ज आहे, मुलगी शाळेत जाते, आणि पत्नीचे म्हणणे असे की होकार देण्याआधी या क्षेत्रातल्या जाणत्या लोकांना विचारून घे. म्हणून येथे विचारत आहे.

नौपाडेकर

ऐरोलीकर, मी ठाण्यातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाचे संपादन बरीच वर्षे केले आहे, म्हणून आधी संपादकाच्या बाजूने जे दिसते ते सांगते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा सुरू केली, तिच्यामुळे मराठी कथेला दर वर्षी हक्काची जागा मिळते, हे आपले मोठे भाग्य आहे. पैशांचे मात्र वेगळे आहे. अंकाचा गाडा मुख्यतः जाहिरातींवर चालतो. कागद, छपाई, मुखपृष्ठ आणि वितरकाचे कमिशन भागवून जे उरते त्यातून लेखकांचे मानधन निघते, आणि ते बहुतेक ठिकाणी काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत असते, मोजक्या अंकांत त्याहून अधिक. तुम्ही दर वर्षी सहा अंकांत लिहिले तरी ऐरोलीतल्या घराचा एक हप्ता त्यातून फिटणार नाही. म्हणून नोकरी सोडू नका, हे मी पहिल्यांदाच स्पष्ट सांगते.

मराठीत या वाटेने गेलेल्यांकडे पाहा. जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ होते, बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधन करत होते, सुबोध जावडेकर रासायनिक अभियंता. यांच्यापैकी कोणाच्याही पोटापाण्याचा भार कथेवर नव्हता, आणि त्यामुळेच कथा कधी लिहायची व कधी लिहायची नाही हे त्यांच्या हातात राहिले. निरंजन घाटे यांनी लेखनावर भर दिला, पण त्यांच्या कामाचा फार मोठा भाग लोकांसाठी लिहिलेल्या विज्ञानविषयक पुस्तकांचा आहे. नोकरी सोडू पाहणारे बहुतेक जण रत्नाकर मतकरींचे उदाहरण देतात, कारण बँक ऑफ इंडियातली नोकरी १९७८ मध्ये सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. परंतु त्यांची ‘बालनाट्य’ ही संस्था १९६२ पासून चालू होती, नाटककार म्हणून नाव झालेले होते, आणि गूढकथा हा त्या सगळ्या व्यापातला एक भाग होता. (पुढे ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन त्यांनी जो ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा माणूस एकाच वेळी किती कामे करत असे हे ठाऊक आहे.) केवळ कथेच्या बळावर नोकरी सोडलेला या प्रकारातला मराठी लेखक मला दाखवता येणार नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते लिहिते. संपादक फोन करून कथा मागू लागले, ही आनंदाची गोष्ट आहे आणि लेखकाची वाढ खुंटते तीही बहुधा याच वळणावर. ओळखीच्या लेखकाची कथा आम्ही सैल हाताने वाचतो, दिवाळी तोंडावर आलेली असते, पाने भरायची असतात. १९७४ मध्ये नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली तेव्हा त्यांचे नाव घरोघरी पोचलेले होते. ते नाव परीक्षकांच्या डोळ्यांसमोर राहू नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले, अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पहिले पारितोषिक या जगतापांना मिळाले. तुम्हाला टोपणनावाची गरज नाही, पण दर वर्षी निदान एक कथा अशा ठिकाणी पाठवा जिथे तुम्हाला कोणीही ओळखत नाही आणि जिथून ती परत येऊ शकते.

आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या विज्ञानकथांतल्या अनेक एकाच साच्यातल्या असतात. पहिल्या पानावर पत्रकार किंवा पुतण्या प्रयोगशाळेत येतो, प्राध्यापक त्याला बसवून घेतात आणि पुढची सहा पाने आपला शोध समजावून सांगतात. याउलट एका नवोदित लेखिकेच्या कथेत पहिल्याच परिच्छेदात सोसायटीच्या सूचनाफलकावर पाणी येण्याच्या वेळेखाली ‘आठवणी जमा करण्याची अंतिम तारीख’ लिहिलेली होती. सेक्रेटरीने त्याखाली सही-शिक्का मारला होता आणि एका बिऱ्हाडाने मुदतवाढ मागितली होती. कोणीही काही समजावून सांगितले नाही आणि मी ती कथा संपवूनच उठले. अशी एक कथा लिहायला सहा महिने लागत असतील तर लागू द्यावेत. नोकरी आहे म्हणूनच ते सहा महिने तुम्हाला परवडतात.

वाशी_हार्बर

नौपाडेकर ताईंशी नोकरीच्या बाबतीत मी सहमत आहे. इंग्रजीच्या मुद्द्यावर थोडे लिहितो, कारण मी परदेशी नियतकालिकांना कथा पाठवतो.

अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने २०१९ मध्ये व्यावसायिक म्हणून जो किमान दर ठरवला तो शब्दाला ८ सेंट आहे. चार हजार शब्दांच्या कथेचे ३२० डॉलर होतात आणि डॉलर ८५ रुपये धरला तर ती रक्कम सुमारे २७,००० रुपये होते. मराठीच्या तुलनेत हा आकडा मोठा दिसतो, परंतु बहुतेक ठिकाणी एक कथा एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवण्याचा नियम असतो. नकार आल्यावर पुढचे दार ठोठवायचे, असे करता करता एका कथेचे वर्ष सहज निघून जाते. त्यातच २०२३ च्या फेब्रुवारीत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या नामांकित मासिकाला कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या कथांचा लोंढा आल्यामुळे कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले होते. अशा गर्दीत वर्षाकाठी दोन कथा विकल्या गेल्या तर ते उत्तम यश समजावे, आणि दोन कथांवर तिथलाही लेखक संसार करत नाही.

केवळ कथेवर उभी असलेली कारकीर्द कशी दिसते याचे माझ्या माहितीतले सर्वांत स्वच्छ उदाहरण टेड चिआंग या अमेरिकन विज्ञानकथा-लेखकाचे आहे. पहिली कथा १९९० मध्ये ‘ऑम्नी’ मासिकात आली आणि तिलाच नेब्युला हा विज्ञानकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर त्यांनी सॉफ्टवेअर क्षेत्रात तांत्रिक लेखकाची नोकरी केली, कादंबरी लिहिलीच नाही, आणि २००२ व २०१९ अशा दोन संग्रहांत मिळून त्यांच्या अवघ्या १७ कथा आहेत. १९९८ मधल्या एका दीर्घकथेवर २०१६ मध्ये चित्रपट निघाला. मला त्यांच्या बाबतीतली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते: २००३ मध्ये एका कथेला मिळालेले ह्यूगो या तितक्याच मानाच्या पुरस्काराचे नामांकन त्यांनी नाकारले, कारण संपादकीय घाईमुळे ती कथा मनासारखी झाली नाही असे त्यांचे मत होते. कथा हाच आपला आकार आहे असे तुम्ही म्हणता, तेव्हा कादंबरीच्या दडपणाला उत्तर म्हणून हे उदाहरण जवळ ठेवा. आपल्याकडच्या विज्ञानकथा-लेखिका वंदना सिंग यांचेही तसेच आहे. त्या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ, अमेरिकेत विद्यापीठात अध्यापन करत आल्या आहेत आणि त्यांची ओळख मुख्यतः कथांवरच उभी आहे.

मात्र पैशांसाठी भाषा बदलू नका. तुमची ऐरोली तुम्हाला मराठीत दिसते, ती इंग्रजीत आणताना सुरुवातीची काही वर्षे केवळ वाक्ये सांभाळण्यात जातील. त्यापेक्षा चांगला अनुवादक शोधा. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या नियतकालिकाचा ‘समोवार’ नावाचा विभाग २०१७ पासून अनुवादित विज्ञानकथा-अद्भुतकथा मूळ भाषेतल्या संहितेसह प्रसिद्ध करतो, म्हणजे इंग्रजी अनुवादाबरोबर तुमची मराठी कथाही तिथे देवनागरीत दिसू शकते.

घणसोली_गावठाण

मी लेखक नाही, वाचक आहे आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तके नेणाऱ्या घरात वाढलो आहे. कथासंग्रह खपत नाहीत हे प्रकाशक सांगतात ते खरे असेलही, पण मी संग्रह अर्ध्यावर सोडतो तो कथा आहेत म्हणून सोडत नाही. पहिली कथा मंगळावर, दुसरी वाड्यातल्या भुताची, तिसरी २३०० सालातल्या न्यूयॉर्कमधली, आणि या तिन्ही एकाच माणसाने का लिहिल्या हे शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून सोडतो.

तुम्ही जिथे राहता तिथे किती कथा आहेत, याकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई हे शहर वसवले गेले. आमच्या घरात आजीला भाताच्या प्रत्येक खाचराचे नाव अजून तोंडपाठ आहे, आणि त्यांतल्या एका खाचराच्या जागी आज सर्व्हर ठेवण्याची इमारत उभी आहे, जिच्या वातानुकूलन यंत्रांचा आवाज रात्री गावठाणात ऐकू येतो. खाडीच्या त्या बाजूला फ्लेमिंगो येतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तेच पाणी, तोच गाळ, शेजारी ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. हे शहर झालेच नसते तर काय झाले असते, किंवा समुद्राने ही खारफुटी ओलांडली तर सेक्टरांची सीमा कोण आणि कशी आखेल, हे प्रश्न विचारणारी कथा मला हवी आहे आणि ती मला अजून कोणी दिलेली नाही. तुम्ही अशा दहा कथा लिहिल्यात तर त्यांचा संग्रह मी विकत घेईन, आणि आमच्या गावात असे म्हणणारा मी एकटा नाही.

पारसिक

मी वकील आहे आणि कॉपीराइटची कामे पाहतो, त्यामुळे ऑडिओबुकच्या प्रस्तावाबद्दल लिहितो. माझ्या मते तुमच्या संपूर्ण प्रश्नात महिनाअखेरपर्यंत निर्णय लागणारी एवढी एकच गोष्ट आहे, आणि कथालेखकाची खरी मिळकत जिच्यातून येऊ शकते तीही हीच आहे.

एका कथेवर अनेक वेगवेगळे हक्क असतात: नियतकालिकात छापणे, पुस्तकात घेणे, अनुवाद करणे, ध्वनिमुद्रण करणे, नाट्यरूपांतर, चित्रपट किंवा मालिका. यांतला प्रत्येक हक्क स्वतंत्रपणे आणि ठरावीक मुदतीसाठी देता येतो. मघाशी उल्लेख झालेला चित्रपट कथेनंतर १८ वर्षांनी आला. ती कथा पहिल्याच वर्षी ‘सर्व हक्कांसह’ दिली गेली असती तर लेखकाच्या हाती काय राहिले असते, याचा विचार करा. मराठीत कथेचे आयुष्य याहून लहान असते असे मानण्याचे कारण नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो, म्हणजे तुम्ही आज जी सही कराल तिचा परिणाम तुमच्या मुलीपर्यंत पोचतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे, फक्त तो वाचला जात नाही. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते, कोणती साहित्यकृती, कोणते हक्क, किती मुदत आणि कोणता प्रदेश हे त्यात लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. ज्याने हक्क घेतले त्याने ते एका वर्षात वापरले नाहीत, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात आले असे मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये दोन महत्त्वाच्या तरतुदी आल्या. करार करतेवेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात नाव घेऊन लिहिल्याशिवाय त्या हस्तांतरणात येत नाही. आणि ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला तिच्या वापराबद्दल समान वाट्याने रॉयल्टी मिळण्याचा जो हक्क आहे, तो लेखकाला सोडून देता येत नाही किंवा कायदेशीर वारस आणि वसुली करणारी कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणाला हस्तांतरित करता येत नाही. ऑडिओबुक हे ध्वनिमुद्रणच आहे. ‘एकरकमी घ्या आणि पुढे काही मागू नका’ असे कलम त्यांच्या मसुद्यात असेल, तर या तरतुदीकडे बोट दाखवून बोलणी सुरू करता येतात.

कलम ५७ नुसार हक्क दिल्यानंतरही कथेवर लेखक म्हणून तुमचे नाव असण्याचा आणि तुमच्या लौकिकाला बाधा येईल असे तिचे विकृतीकरण झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो, हेही ध्यानात असू द्या.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. नोकरीबद्दलचा निर्णय झाला. ती सोडत नाही. घणसोलीकरांचे लेखन रात्री दोनदा वाचले. माझ्या सहा कथांपैकी दोन याच परिसरात घडतात आणि त्या मला इतर चार कथांहून जवळच्या का वाटतात हे मला आता कळले.

पारसिक साहेब, कंपनीच्या प्रतिनिधीशी काल बोललो. त्यांचे म्हणणे असे की सर्वच लेखकांबरोबर हाच छापील करार होतो आणि एकासाठी तो बदलता येत नाही. अशा वेळी नकार देणे एवढाच मार्ग उरतो का? आणि नौपाडेकर ताई, या दोन कथा संग्रहासाठी राखून ठेवायच्या असतील तर ऑडिओ आधी आल्याने प्रकाशक बिचकतील का?

नौपाडेकर

ऑडिओमुळे बिचकणारा प्रकाशक मी अलीकडे पाहिलेला नाही. उलट ऐकलेली कथा छापील रूपात शोधणारे वाचक भेटतात. प्रकाशक बिचकतात ते छापील हक्क दुसऱ्याकडे अडकलेले असले म्हणजे. या दोन कथा आत्ता कोणालाही देऊ नका. त्यांच्या जोडीला त्याच परिसरातल्या आणखी सहा-सात कथा होऊ द्या. त्यांतल्या काही आधी दिवाळी अंकांत येऊ द्या, कारण तिथे मिळालेली वाचकपत्रे आणि दखल प्रकाशकापुढे ठेवता येते. याला तीन-चार वर्षे लागतील. दरम्यान संपादकांना वर्षाला दोनच कथा देईन असे सांगून टाका. माझ्यासारख्यांना राग येणार नाही.

पारसिक

छापील करार बदलता येत नाही असे पहिल्या फेरीत बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. तुम्ही फोनवर वाद घालू नका, ईमेलने लेखी प्रस्ताव पाठवा: सहाऐवजी चार कथा, केवळ मराठी ऑडिओबुकचा परवाना (म्हणजे वापरण्याची परवानगी, मालकी तुमच्याकडेच), हस्तांतरण नव्हे, मुदत पाच वर्षे, छापील पुस्तक, अनुवाद, नाट्य आणि दृश्य माध्यमांचे हक्क लेखकाकडे, देऊ केलेल्या रकमेपैकी काही भाग आगाऊ म्हणून आणि पुढे ठरावीक काळाने हिशेबासह रॉयल्टी, एका वर्षात ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले नाही तर परवाना आपोआप रद्द. कृत्रिम आवाजासाठी किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी मजकूर वापरायचा असेल तर वेगळी लेखी परवानगी लागेल, हे वाक्यही आवर्जून घाला, कारण हल्लीच्या मसुद्यांत ते माध्यम नाव घेऊन लिहिलेले सापडते.

एवढे करूनही ते ‘सर्व हक्क’ सोडायला तयार नसतील, तर जी कथा तुम्हाला पुन्हा कधीच लागणार नाही अशी एखादीच त्यांना द्यावी किंवा देऊ नये. दिवाळी अंकांत पूर्वी छापून आलेल्या कथांबद्दल त्या त्या वेळी काही संमतिपत्रावर सही केली होती का, हेही आजच तपासून घ्या. तसे पत्र असेल तर त्याची प्रत काढून ठेवा आणि कंपनीला ईमेल पाठवण्याआधी ती एखाद्या वकिलाला दाखवा.